१२-० : विक्रम मानावा की संशयास्पद निकाल? (ग्लाडबाख वि. डॉर्टमुंड, १९७८)

उत्तरार्ध (धागाकर्ता)

२९ एप्रिल १९७८ रोजी तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील बुंडेसलिगा या सर्वोच्च फुटबॉल साखळीच्या अखेरच्या फेरीत बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखने बोरुसिया डॉर्टमुंडला १२-० असे हरवले. त्यानंतर बायर्न म्युनिकने कित्येक संघांना आठ-आठ, नऊ-नऊ गोल घातले, तरी त्या स्पर्धेतील सर्वांत मोठ्या विजयाचा विक्रम अजूनही त्याच सामन्याच्या नावावर आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. शेवटच्या फेरीपूर्वी ग्लाडबाख आणि कोलोन यांचे गुण समान होते, परंतु कोलोनचा गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल; गुण समान असतील तर क्रम यावर ठरतो) +४० होता आणि ग्लाडबाखचा +३०. ग्लाडबाखने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली होती. चौथे हवे असेल, तर कोलोनपेक्षा दहा गोलांची अधिक कमाई करणे भाग होते, आणि कोलोनचा सामना होता तळाशी असलेल्या, आधीच खालच्या श्रेणीत गेलेल्या झांक्ट पाउलीशी. दोन्ही सामने एकाच वेळी सुरू झाले. ग्लाडबाखच्या युप हाइन्केसने पहिल्याच मिनिटाला गोल केला, मध्यंतराला ६-० झाले आणि शेवटच्या मिनिटाला बारावा गोल पडला. तिकडे कोलोन ५-० ने जिंकले. अंतिम तक्त्यात दोघांचे ४८ गुण आणि दोघांचे ८६ गोल. कोलोनने ४१ गोल खाल्ले होते आणि ग्लाडबाखने ४४. तीन गोलांनी अजिंक्यपद गेले.

सामना संपण्यापूर्वीच संशयाची कुजबुज सुरू झाली होती. जर्मन फुटबॉल संघटनेने चौकशी केली, त्यात गैरप्रकाराचा पुरावा मिळाला नाही. माझे मत असे आहे की, एवढा मोठा निकाल लागण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. हरणाऱ्या संघाने मनाने सामना सोडलेला असावा लागतो, आणि जिंकणाऱ्याला चार-पाच गोलांनंतरही थांबता येणार नाही असे काही कारण असावे लागते. एरवी व्यावसायिक संघ ५-० नंतर पाय आखडता घेतात, पुढच्या सामन्यासाठी दम राखून ठेवतात. १९७८ मध्ये या दोन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून बारा गोल पडले आणि म्हणूनच तो विक्रम टिकला. सामना विकला गेल्याचे गृहीत धरण्याची त्यासाठी गरज नाही. सदस्यांना काय वाटते?

ऑफसाइड

हातातोंडाशी आलेला घास गेला असे म्हणावे, तर इथे घास ग्लाडबाखच्या हातात होता आणि ताट कोलोनच्या घरी.

राइनकाठचा

मी नोकरीनिमित्त ड्युसेलडॉर्फमध्ये राहतो. हा सामना ग्लाडबाखच्या स्वतःच्या बोकेलबर्ग मैदानावर न होता आमच्या शहरातील राइनश्टाडिऑनमध्ये झाला होता. ते स्टेडियम आता पाडले असून त्याच जागी नवे, छत बंद करता येणारे स्टेडियम उभे आहे.

संशय एवढ्या लवकर का आला, हे समजण्यासाठी आणखी सात वर्षे मागे जावे लागेल. जून १९७१ मध्ये ऑफेनबाख क्लबच्या अध्यक्षांनी, होर्स्ट-ग्रेगोरिओ कानेलास यांनी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला पाहुण्यांसमोर ध्वनिफिती लावल्या आणि खेळाडू पैसे घेऊन सामने सोडण्याविषयी बोलत असलेले सर्वांना ऐकवले. त्या प्रकरणात पन्नासाहून अधिक खेळाडूंवर कारवाई झाली. ज्या प्रेक्षकांनी ते पाहिले होते, त्यांना १२-० हा आकडा निष्पाप वाटणे अवघडच होते.

आणखी एक गंमत अशी की, त्या वर्षी कोलोनचे प्रशिक्षक होते हेनेस वाइसवायलर, म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षे खपून ग्लाडबाखला मोठे केले तेच गृहस्थ. ग्लाडबाखची सूत्रे उडो लाटेक यांच्याकडे होती.

मडगावकर

उत्तरार्ध, तुमची मांडणी नेटकी आहे, पण तिच्यातच एक छिद्र आहे. गोलफरकाची निकड हे जसे जीव तोडून खेळण्याचे कारण असते, तसेच ते सामना ठरवून खेळण्याचेही कारण असते. आमच्या गोव्यात याचा पुरावाच आहे. २००४ मध्ये द्वितीय विभागाच्या साखळीत वरच्या श्रेणीत जाण्याची चुरस होती. कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लाइटनिंगला ६१-१ असे हरवले आणि विल्रेड लेझरने दोना पावला स्पोर्ट्स क्लबला ५५-१ असे हरवले. गोवा फुटबॉल संघटनेने चारही क्लबांवर बंदी घातली. हे सामने व्यावसायिक श्रेणीतले नव्हते हे मान्य, पण गणित तेच होते: समान चुरस, गोलफरक आणि समोर ज्याला काही मिळवायचे वा गमवायचे नाही असा संघ. डॉर्टमुंडही त्या वर्षी अकराव्या क्रमांकावर सुरक्षित होता. तेव्हा निकड होती म्हणून सामना स्वच्छ होता, असे म्हणता येणार नाही.

ऑफसाइड

६१-१ मधला तो एक गोल कोणी आणि कशासाठी केला असेल, याची मला अधिक उत्सुकता आहे. बहुधा निकाल खरा वाटावा म्हणून.

अनघा_द

मडगावकर, दोन्ही प्रकरणे एका तागडीत घालण्यापूर्वी थोडा हिशेब करू या. सामना ९० मिनिटांचा असतो. ६१-१ म्हणजे ६२ गोल, म्हणजे दर दीड मिनिटाच्या आत एक गोल. गोल झाल्यावर चेंडू मध्यरेषेवर आणायचा, खेळाडूंनी आपापल्या अर्ध्यात परतायचे आणि मग पंचांनी शिटी द्यायची, यातच अर्धे मिनिट जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गोल झाल्यावर चेंडू ज्याच्यावर गोल झाला त्याच्याकडे जातो. हरणाऱ्या संघाने नुसता चेंडू आपल्याच बचावपटूंमध्ये फिरवत ठेवला तरी मिनिटभर काढता येते. त्यामुळे ६१ गोलांसाठी समोरच्याने प्रत्येक वेळी चेंडू आणून द्यावा लागतो. ते काम निव्वळ हतबलतेने होत नाही, त्यासाठी सहकार्य लागते.

१२-० मध्ये सरासरी साडेसात मिनिटांना एक गोल पडला. पहिला गोल पहिल्या मिनिटाला, बाराव्या आणि तेराव्या मिनिटाला लागोपाठ दोन, मग बाविसाव्या, बत्तिसाव्या आणि अडतिसाव्या मिनिटाला. मध्यंतरानंतर सुमारे पाव तास एकही गोल नाही, आणि मग पुन्हा सहा. ठरवून सोडलेल्या सामन्यात तो पाव तास कोरडा का जावा? निर्णायक पुरावा म्हणून मी हे सांगत नाही, पण गोव्यातील आकडे शरीरशास्त्राच्या पलीकडचे आहेत आणि जर्मनीतले नाहीत, एवढा फरक नोंदवायलाच हवा.

शाहू_स्टेडियम

अनघाताईंचा हिशेब पटला. त्याला मैदानावरची एक बाजू जोडतो.

कोल्हापुरात पेठांचे फुटबॉल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सामना हातातून सुटणे म्हणजे काय हे सांगायला नको. मी महाविद्यालयाच्या संघात गोली होतो आणि आम्ही एकदा दोन आकडी गोल खाल्ले. समोरचा संघ चांगला होता, पण इतकाही नव्हता. चौथ्या गोलापर्यंत आमचे बॅक एकमेकांवर ओरडत होते. पाचव्या-सहाव्या गोलानंतर ओरडणे बंद झाले, आणि खरी घसरण तिथून सुरू झाली. जाळ्यातला चेंडू काढून सेंटरला न्यायचे काम कोणाचे, यावरच सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मी चेंडू लाथेने पुढे ढकलायचो, तो अर्ध्या वाटेत थांबायचा आणि तिथून तो उचलायला समोरच्या संघाचाच पोरगा पळत यायचा, कारण त्यांना घाई होती. आमचा मधल्या फळीचा खेळाडू दहा पावलांवरून चेंडू जाताना बघत राहिला, पाय घातला नाही. त्याला कोणी पैसे दिले नव्हते. पाय घालूनही काही उपयोग नाही, हे त्याच्या अंगात भिनले होते.

बाहेरून बघणाऱ्याला हे विकल्यासारखेच दिसले असते, आणि कठड्यावरून काही जण तसे ओरडलेही. म्हणून नुसता ढिला खेळ बघून विकला-विकला म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पहिला_हाफ

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. उत्तरार्ध यांची दुसरी अट, म्हणजे जिंकणाऱ्याला न थांबण्याचे कारण हवे, ती मला पटत नाही. २५ ऑक्टोबर २०१९ ची रात्र आठवा. लेस्टर सिटीने साउदम्प्टनला त्यांच्याच मैदानावर ९-० असे हरवले. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीच्या साखळीत १८८८ पासून, म्हणजे १३१ वर्षांत, पाहुण्या संघाने मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय होता. आपल्याकडे रात्री साडेबाराला सामना सुरू झाला. धो धो पावसात दहाव्या मिनिटाला लेस्टरच्या चिलवेलने गोल केला, आणि त्याच हल्ल्यात साउदम्प्टनच्या बर्ट्रंडने केलेल्या धसमुसळेपणाबद्दल व्हिडिओ पंचांच्या तपासणीनंतर त्याला थेट लाल कार्ड दाखवले गेले. पुढे पेरेझ आणि वार्डी या दोघांनीही हॅटट्रिक केली.

ऑक्टोबर महिन्यात गोलफरकासाठी कोणी जीव टाकत नाही. तरीही चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला मिळालेली पेनल्टी वार्डीने पूर्ण जोर लावून मारली. कारण लागत नाही, भूक लागते. समोर दहा जण, मनाने कोसळलेला संघ आणि पावसामुळे घसरणारा चेंडू असला की व्यावसायिक खेळाडू थांबत नाही, इतकेच.

उत्तरार्ध

पहिला_हाफ, उदाहरण चांगले आहे, पण तिथे एक खेळाडू कमी होता. २ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच साउदम्प्टनला मँचेस्टर युनायटेडने पुन्हा ९-० ने हरवले, तेव्हाही यान्केविट्झला दुसऱ्याच मिनिटाला बाहेर जावे लागले होते. डॉर्टमुंडचे अकराच्या अकरा खेळाडू मैदानावर होते. अकरा व्यावसायिकांविरुद्ध बारा गोल होण्यासाठी भुकेच्या पलीकडचे काहीतरी लागते, या मतावर मी ठाम आहे.

मडगावकर

मग अकरा विरुद्ध अकराचे आपल्याकडचेच उदाहरण घ्या. ३० मे २०११, आय-लीगचा, म्हणजे भारतातील तेव्हाच्या सर्वोच्च साखळीचा शेवटचा दिवस. आमच्या धेंपोने मुंबईच्या एअर इंडियाला १४-० ने हरवले, आणि तो आय-लीगमधील सर्वांत मोठा विजय ठरला. त्या मोसमाचे अजिंक्यपद साळगावकरने मिळवले होते, त्यामुळे चौदा गोल करून धेंपोच्या हाती करंडक येणार नव्हता. आर्मांदो कुलासो यांचा तो संघ आक्रमकच खेळायचा, आणि पुढे रांटी मार्टिन्स होता, जो त्या मोसमात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. असा आघाडीवीर ५-० झाल्यावर चेंडू मागे देत बसेल, ही अपेक्षाच चूक आहे. म्हणजे तुमची दुसरी अट संघाला लागू नसली तरी एखाद्या खेळाडूला लागू असू शकते, असे फार तर म्हणा.

शाहू_स्टेडियम

इथे मी मडगावकरांच्या बाजूने. हाइन्केसचेच बघा की. १२-० मधले पाच गोल त्याचे, आणि तो त्याचा बुंडेसलिगातला शेवटचा सामना होता. निरोपाच्या दिवशी कोण थांबेल?

जुना_लेफ्टबॅक

तरुण मंडळींनो, मला जिंकणाऱ्याच्या शिष्टाचाराबद्दल बोलायचे आहे. मोठी आघाडी घेतल्यावर थांबावे, प्रतिस्पर्ध्याची शोभा करू नये, असे अनेक जण म्हणतात. आम्ही खेळत असताना मला याच्या नेमके उलट वाटे. समोरचा संघ ६-० वर चेंडू आपापसांत फिरवत राहिला आणि प्रेक्षक प्रत्येक पासला टाळ्या देऊ लागले, तर तो अपमान गोलांपेक्षा जास्त झोंबतो. गोल खाणे हा खेळाचा भाग आहे, दया खाणे नाही.

या धाग्यावर अजून मादागास्करचा विषय कसा निघाला नाही, याचे आश्चर्य वाटते. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी तिथे एएस अदेमाने एसओ लेमिर्नला १४९-० असे हरवले, आणि जगातील सर्वाधिक गोलांचा निकाल म्हणून तो आकडा सर्वत्र छापला जातो. पण ते सर्व गोल लेमिर्नच्या खेळाडूंनी स्वतःच्याच जाळ्यात मारले होते. आधीच्या सामन्यात पंचांच्या निर्णयामुळे त्यांचे अजिंक्यपद हुकले होते, आणि त्याचा हा निषेध होता. अदेमाचे खेळाडू उभे राहून बघत होते. लेमिर्नच्या प्रशिक्षकावर तीन वर्षांची बंदी आली. विक्रमाच्या यादीत तो आकडा खुशाल असू द्या, पण त्याला विजय म्हणू नका, कारण त्या दिवशी जिंकण्याचा प्रयत्न कोणीच केला नाही.

अनघा_द

काका, सहमत. याच कसोटीवर स्कॉटलंडचा १८८५ मधील आर्ब्रोथ ३६-० बॉन अकॉर्ड हा निकाल मात्र खरा ठरतो. ते हौशी खेळाडूंचे दिवस होते आणि दोन संघांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. त्याच १२ सप्टेंबरला डंडी हार्पने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५-० ने हरवले, म्हणजे एका गोलाने विक्रम हुकला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये एवढे अंतर उरत नाही, म्हणून तिथला १२-० हा हौशी सामन्यातल्या ३६-० पेक्षा अधिक धक्कादायक आहे.

पहिला_हाफ

अशा पराभवानंतर प्रशिक्षकाचे काय होते, हाही धाग्याशी जवळचा प्रश्न आहे. डॉर्टमुंडने ओटो रेहागेल यांना दुसऱ्याच दिवशी काढले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलकडून ९-० ने हरल्यावर बोर्नमथने स्कॉट पार्कर यांना तीन दिवसांत घरी पाठवले. साउदम्प्टनने मात्र २०१९ च्या ९-० नंतर हासेनहुटल यांना ठेवले. खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी त्या दिवसाचे मानधन क्लबच्या सामाजिक संस्थेला दिले. जानेवारीत त्याच लेस्टरला त्यांच्या मैदानावर २-१ असे हरवून त्यांनी परतफेड केली आणि मोसम अकराव्या क्रमांकावर संपवला.

ऑफसाइड

आणि बोर्नमथही प्रशिक्षक बदलून तरलेच. म्हणजे ठेवा किंवा काढा, व्यवस्थापनाला आपला निर्णय बरोबर होता असे दोन्हीकडे म्हणता आले.

राइनकाठचा

रेहागेल यांचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय तो विषय सोडता येणार नाही. त्यांनी वेर्डर ब्रेमेनला दोनदा अजिंक्यपद मिळवून दिले. वरच्या श्रेणीत नुकत्याच परतलेल्या कायझर्सलाउटर्नला १९९८ मध्ये थेट विजेते केले आणि २००४ मध्ये ग्रीसला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले. बारा गोलांचा खरा भुर्दंड गोलरक्षक पीटर एन्ड्रुलाटला बसला, तो त्यानंतर बुंडेसलिगात दिसला नाही. प्रशिक्षकाला दुसरी संधी मिळते, गोलीला मिळत नाही.

शाहू_स्टेडियम

राइनकाठचा, शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दोनदा अनुमोदन.

मडगावकर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अनघाताईंनी सांगितलेला कोरडा पाव तास आणि शाहू_स्टेडियम यांचा अनुभव वाचल्यावर माझा संशय कमी झाला आहे, पण पूर्ण गेलेला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, विश्वचषकात अर्जेंटिनाला अंतिम सामन्यासाठी चार गोलांच्या फरकाने जिंकायचे होते आणि त्यांनी पेरूला ६-० ने हरवले. तिथे ब्राझीलचा सामना आधी संपला होता, त्यामुळे किती गोल हवेत हे अर्जेंटिनाला मैदानात उतरतानाच ठाऊक होते. त्या निकालाबद्दल आजही लोक बोलतात. मग १२-० ला वेगळा न्याय कशासाठी?

अनघा_द

वेगळा न्याय यासाठी की, वेळा वेगळ्या होत्या. अर्जेंटिनाला लक्ष्य माहीत होते. ग्लाडबाखचे लक्ष्य सामना चालू असताना पुढे सरकत होते. मध्यंतराला ग्लाडबाख ६-० आणि कोलोन १-० असे होते, म्हणजे दहाचे अंतर पाचवर आले होते. उत्तरार्धात कोलोनने आणखी चार गोल केले. डॉर्टमुंडला विकत घेऊन ग्लाडबाखचे काम होणारच नव्हते, पाउलीलाही कोलोनविरुद्ध उभे करावे लागले असते. ज्या सौद्यात अर्धा माल दुसऱ्याच्या दुकानात आहे, त्यासाठी पैसे कोण मोजेल?

राइनकाठचा

याच मुद्द्यावर माझे दोन सहकारी, एक कोलोनचा आणि एक ग्लाडबाखचा, दरवर्षी एप्रिलअखेर भांडतात. ग्लाडबाखवाला म्हणतो की, सगळे आमच्या बारा गोलांची चौकशी करतात, पण तळाच्या पाउलीने त्याच दिवशी स्वतःच्या शहरात पाच गोल खाल्ले, त्याबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही. त्यातले दोन गोल जपानच्या ओकुदेराचे होते आणि ते देखणे होते, असे कोलोनवाल्याचे उत्तर असते. गोल देखणा असला की तो शंकेपलीकडे जातो, हे तर्कशास्त्र मला आजवर उमगलेले नाही. पण ग्लाडबाखवाल्याचा प्रश्न रास्त आहे. अजिंक्यपद बारा गोलांनी मिळाले नाही, ते त्या पाच गोलांनी मिळाले. संशयच घ्यायचा, तर लाभ ज्याला झाला त्याच्यापासून सुरुवात व्हायला हवी होती.

उत्तरार्ध

राइनकाठचा, या दिशेने मी विचार केला नव्हता, आणि हा मुद्दा माझ्या मूळ मांडणीपेक्षा सरस आहे. मडगावकर आणि पहिला_हाफ यांच्या उदाहरणांमुळे माझी दुसरी अट सैल झाली आहे, हेही मान्य करतो. कारण संघाला हवे असे नाही, आघाडीवीराला असले तरी पुरते. पहिली अट मात्र प्रत्येक उदाहरणात टिकली: लाल कार्ड असो, पाऊस असो वा मोसमाचा शेवटचा दिवस असो, हरणारा संघ आधी मनाने मैदानाबाहेर गेला होता. डॉर्टमुंडला त्या दिवशी गमावण्यासारखे काही नव्हते, आणि पहिल्याच मिनिटाला गोल पडला. मी १२-० ला विक्रमच मानतो.

मडगावकर

मी तो विक्रमच मानतो, पण शेजारी एक छोटे प्रश्नचिन्ह ठेवून. ६१-१ मात्र तुम्ही कोणीही विक्रमात घेऊ नका, आम्हा गोंयकारांची तेवढी लाज राखा.

ऑफसाइड

पाउलीच्या ०-५ वर कोणीतरी स्वतंत्र धागा काढावा. राइनकाठचा यांनी आपल्या दोन्ही सहकाऱ्यांना मराठी शिकवून तिथे आणावे, म्हणजे दोनशे प्रतिसाद सहज होतील.